मारुती ८००: चाकाकडचा एक्सल बूट फाटला आहे, फक्त बूट बदलावा की संपूर्ण एक्सल?

जांभामाती (चिपळूण)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००३ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती. आता ती बहुतेक चिपळूण आणि आसपासच्या वाड्यांपुरतीच चालते, आणि घाट चढण्याची वेळ महिन्यातून एखाददा येते. गेल्या रविवारी गाडी धुताना पुढच्या डाव्या चाकाच्या रिमला आतल्या बाजूने काळे शिंतोडे दिसले. ब्रेक ऑइल गळत असावे या शंकेने प्रथम धास्ती वाटली, परंतु बोटाला लागलेला पदार्थ घट्ट आणि चिकट होता. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा चाकाकडच्या एक्सल बूटला (गिअरबॉक्सची गती चाकाला देणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचे घड्यांचे रबरी आवरण) घडीच्या खोबणीत साधारण दोन इंचांची चीर गेलेली आढळली.

एका गॅरेजमध्ये सांगितले की संपूर्ण एक्सलच बदलावा, बूट बदलण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये चिकटवण्याचा दुभंगी बूट सुचवण्यात आला, म्हणजे एक्सल न काढता तासाभरात काम होईल. शेजाऱ्यांचा सल्ला सायकलची ट्यूब गुंडाळून वर तार आवळण्याचा आहे. गाडीला सध्या कोणताही आवाज नाही. दहा दिवसांनी कुंभार्ली घाटाने कराडमार्गे पुण्याला जायचे आहे. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, आणि तोवर गाडी चालवावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटवळण

चीर किती लांब आहे यापेक्षा ती किती दिवसांपूर्वी गेली आणि त्यातून आत काय शिरले, यावर उत्तर अवलंबून आहे. बूट हा काही शे रुपयांचा रबराचा तुकडा आहे. त्याच्या आतला सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा वळणारा सांधा, मात्र गाडीतील फार बारकाईने घडवलेल्या भागांपैकी एक आहे. चाकाकडच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या खोबणींतून सरकत असतात, आणि चाक वळलेले असतानाही त्या एक्सलची गती चाकापर्यंत एकसारखी पोहोचवतात. ही रचना आल्फ्रेड र्‍झेपा या अभियंत्याने १९२०च्या दशकात सिद्ध केली आणि आजही ती थोड्याफार सुधारणांसह टिकून आहे. मात्र तिला दोन गोष्टी अजिबात सोसत नाहीत, एक ग्रीसचा अभाव आणि दुसरी रेती. बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर फेकले जाते आणि त्याच वाटेने चिखल आत येतो. मग खोबणींना घासले जाऊन खळगे पडतात, आणि ते खळगे नवे ग्रीस भरून नाहीसे होत नाहीत.

म्हणून आधी दोन तपासण्या कराव्यात. चिरेतून थोडे ग्रीस काढून अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहावे. काळ्या रंगावरून घाबरू नये, कारण या जॉइंटच्या ग्रीसमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड असल्याने ते नवे असतानाही काळेच असते. मात्र ते बोटांना खरखरीत लागले तर रेती शिरली आहे, आणि करडे, दुधट दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे. दुसरी तपासणी मोकळ्या मैदानात करावी. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पहिल्या गिअरमध्ये सावकाश गोल फिरवावी, मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा, आणि हेच दुसऱ्या बाजूलाही करावे. लयीत कट-कट असा आवाज आला तर जॉइंट झिजलेला आहे, आणि तेव्हा पहिल्या गॅरेजचे म्हणणे योग्य ठरते. आवाज नाही, ग्रीसही मऊ आहे, असे असेल तर जॉइंट वाचवता येईल. परंतु तो आताच वाचवावा लागेल, पुण्याहून परत आल्यावर नव्हे.

दहाबाराचा_पाना

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. प्रत्यक्ष कामाविषयी थोडे लिहितो, कारण माझ्या ८००चे हे काम मी दोनदा घरी केले आहे.

हब नट, म्हणजे चाकाच्या मध्यभागी एक्सलचे टोक धरणारा मोठा नट, गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा. आधी त्याची स्प्लिट पिन काढावी, किंवा नटाची कडा ठोकून बसवलेली असल्यास ती सरळ करावी. चाकांना अटकाव लावावा, एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने लांब दांड्याने नट फिरवावा. मग गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर (भक्कम लोखंडी आधारांवर) ठेवावी, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. एक्सल बाहेर येताना गिअर ऑइल सांडते, म्हणून ते आधी स्वच्छ भांड्यात काढून ठेवावे. लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (चाकाचा हब धरणाऱ्या भागातून) सुटला की एक्सलचे टोक हबमधून मागे सरकते. ते अडले तर नट उलटा, टोकाच्या पातळीत लावून लाकडी ठोकळ्यावरून हलके ठोकावे. थेट हातोडा मारला तर आटे बिघडतात. गिअरबॉक्सकडची बाजू काढताना शाफ्ट धरून ओढू नये, त्या जॉइंटच्या कपाखाली (बाहेरच्या पोलादी कवचाखाली) पहार घालून उचकावे, नाहीतर आतले तीन रोलर निसटतात आणि मग डोके धरून बसावे लागते.

आता महत्त्वाची गोष्ट. चाकाकडचा जॉइंट मी कधीच सुटा करत नाही. गिअरबॉक्सकडचा कप काढून, तीन रोलरच्या फुलीची आणि शाफ्टची परस्पर जागा रंगाने खूण करून, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) सोडवून फुली उतरवतो आणि त्या टोकाकडून दोन्ही बूट शाफ्टवर चढवतो. म्हणजे एक बूट बदलण्यासाठी दुसराही उतरवावाच लागतो, तेव्हा जुना परत लावण्याची काटकसर करू नये. दुकानात जाताना दोन्ही बाजूंची किट मागावीत.

जॉइंट डिझेल किंवा केरोसीनने धुवून पूर्ण वाळू द्यावा, मगच ग्रीस भरावे. ओलसर जॉइंटमध्ये भरलेले ग्रीस पातळ होते. किटमधील पाकिटातलेच ग्रीस वापरावे, त्यातले निम्मे जॉइंटच्या गोळ्यांमध्ये बोटाने दाबून आणि उरलेले बूटमध्ये घालावे. बेअरिंगसाठी घरात पडलेला डबा येथे उपयोगाचा नाही. पट्टी आवळण्यापूर्वी बूटच्या लहान तोंडाखाली बोथट पेचकस सरकवून आत कोंडलेली हवा सोडावी. हा टप्पा अनेक जण गाळतात, आणि मग फुगलेला किंवा आत खेचला गेलेला बूट काही महिन्यांतच घडीवर कापला जातो. पट्टी मूळ पद्धतीचीच असावी. पाण्याच्या पाइपला लावतात तसल्या स्क्रूच्या क्लिपचे डोके फिरताना शेजारच्या भागांना लागू शकते.

रत्नागिरीकर_जुना

दुभंगी बूटविषयी वेगळा अनुभव मांडतो, कारण त्याला एकजात नावे ठेवणे मला पटत नाही. दुसऱ्या एका गाडीवर मी तो लावला आणि पूर्ण एक पावसाळा तो टिकला. परंतु त्यासाठी गोंद लावण्याच्या दोन्ही कडा ग्रीसचा मागमूसही राहणार नाही अशा पुसाव्या लागतात, आणि एक्सल गाडीलाच असताना, खाली झोपून, वरून थेंब पडत असताना ते साधणे जवळजवळ अशक्य असते. माझे साधले यात कौशल्यापेक्षा नशिबाचा वाटा मोठा होता. शिवाय जुने, दूषित ग्रीस त्यात आतच राहते, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. सायकलच्या ट्यूबचा उपाय फक्त गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरता समजावा.

संपूर्ण एक्सल घेण्याचा विचार झालाच, तर एक सावधगिरी बाळगावी. काही हजारांत मिळणाऱ्या स्वस्त नव्या एक्सलचे पोलाद आणि त्यावरचे रबर दोन्ही बेताचेच असू शकतात. तुमच्या जुन्या जॉइंटला आवाज नसेल, तर वीस वर्षे टिकलेला मूळ भाग भंगारात देऊन अनोळखी भाग बसवण्याची घाई मी करणार नाही.

जांभामाती (चिपळूण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मैदानात दोन्ही बाजूंना फेऱ्या मारल्या, आवाज आला नाही. ग्रीस मऊ आहे. चिरेच्या अगदी कडेला थोडी लाल माती लागली आहे, आतून काढलेले मात्र स्वच्छ वाटते. घरी एवढे काम करण्याची हिंमत होत नाही, म्हणून तिसऱ्या, ओळखीच्या मेकॅनिककडे देणार आहे. एक्सल काढून ठेवल्यावर गाडी ढकलून बाजूला घेता येईल का? त्यांच्या शेडमध्ये जागा कमी आहे.

दहाबाराचा_पाना

चाकावर अजिबात ढकलू नये. हब नट आवळलेला नसताना चाकाच्या बेअरिंगवर गाडीचे वजन नीट पेलले जात नाही आणि बेअरिंग खराब होते. हलवणे अटळच असेल, तर पुढचा भाग चाकांच्या ट्रॉलीवर घ्यावा. परत बसवताना हब नट टॉर्क पान्यानेच, पुस्तिकेतील मापानुसार आवळावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. एक्सल गिअरबॉक्समध्ये सरकवताना त्याच्या टोकावरच्या दात्यांनी ऑइल सीलची (तेल अडवणाऱ्या रबरी कडीची) कड कापली जाणार नाही, हे मेकॅनिकला आवर्जून सांगावे. शेवटी टक्‌ असा आवाज येऊन सर्क्लिप बसली पाहिजे. नंतर कप हाताने बाहेर ओढून पाहावा, तो निघता कामा नये.

जांभामाती (चिपळूण)

काम झाले, उशिरा कळवल्याबद्दल क्षमस्व. जॉइंट धुतल्यावर मेकॅनिकने गोळ्या आणि खोबणी टॉर्चखाली मला दाखवल्या. झिजेची खूण कुठेही नव्हती. दोन्ही बूट नवे बसवले. ऑइल सीलची कड आधीच कडक झालेली आढळली, म्हणून तेही बदलून घेतले आणि गिअर ऑइल नवे भरले. कामाला एक दिवस लागला. दुकानदाराने दाखवलेल्या पहिल्या बूटच्या घड्या दाबल्यावर त्यावर बारीक भेगा उमटल्या, बहुधा तो बरीच वर्षे पडून असावा. तो परत करून दुसरा घेतला.

कुंभार्ली घाटाने जाऊन आलो. परतल्यावर रिमची आतली बाजू तपासली, ती कोरडी आहे. मात्र गाडी उचललेली असताना उजव्या बूटच्या घड्यांमध्येही तशाच भेगा दिसल्या. तो अजून फाटलेला नाही, परंतु पाऊस सुरू होण्यापूर्वी त्याही बाजूचे काम करून घेणार आहे.