रिसॉर्टमधलं उघडं तळं आणि लहान मुलं – जबाबदारी नक्की कोणाची?

मुक्ताई_०७:
सुट्टीत राहिलो होतो तिथे खोल्यांच्या दारातून निघालं की थोड्याच पावलांवर तळं, दिसायला मस्त पण कुंपण नाही, काठ सरळ पाण्यात उतरलेला आणि शेवाळाने गुळगुळीत. दुसऱ्या एका कुटुंबातलं तीनेक वर्षांचं पोरगं चेंडूमागे पार काठापर्यंत गेलं, माझ्या नवऱ्याने धावत जाऊन उचललं म्हणून निभावलं. मॅनेजरशी बोललो तर त्याने बोर्ड दाखवला, 'मुलांची जबाबदारी पालकांची'. मुलाचे आईबाबा गाडीतून बॅगा काढत होते, मला तरी ते बेफिकीर वाटले नाहीत. बोर्ड लावला की मालकाचं काम संपलं का? आणि आपण बुकिंगच्या आधी काय विचारायचं?

सडेतोड:
राग येईल पण मूल आपलं तर जबाबदारी आपलीच. पाच वर्षांखालचं मूल पाण्याजवळ असेल तर मोठं माणूस हात लांबवला की पोचेल इतकं जवळ पाहिजे. लांब खुर्चीत बसून मोबाईल बघत अधूनमधून मान वर करायची याला लक्ष ठेवणं म्हणत नाहीत.

शिट्टीवाला:
सडेतोड, पाण्याजवळ खेळायला नेलंय तेव्हा तुमचं शंभर टक्के बरोबर. पण इथे मूल पाण्यावर नेलेलंच नव्हतं हो, ते खोलीबाहेर खेळत होतं! लाइफगार्डचं काम केलंय म्हणून सांगतो, बुडणारं माणूस बहुतेक वेळा हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या वरखाली होत असतं, श्वास घ्यायचीच मारामार तर ओरडणार कधी, आणि हात हलवून बोलवायला जमत नाही कारण ते आपोआप दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत असतात. हे पाण्यावर जेमतेम २० ते ६० सेकंद चालतं. अगदी लहान मुलाचं तर डोकंच जड, ते तोंडावर पडतं आणि कमी पाण्यातही स्वतःहून उठता येत नाही. बॅग उतरवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणून कुंपण लागतं, आणि ते चारही बाजूंनी. तीन बाजूंना जाळी आणि चौथीकडे खोल्यांची भिंत असं केलं तर उपयोग नाही, मूल दारातूनच तर बाहेर येतं. उंची निदान १.२ मीटर, पाय ठेवून चढता येईल अशा आडव्या पट्ट्या नकोत, फाटक आपोआप बंद होणारं आणि कडी मुलाच्या हाताला न लागणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले, त्यातली जवळपास पाव मुलं पाच वर्षांखालची. या वयाच्या मुलाला बोर्ड वाचता येतो का?

पाहुणचार:
मी याच धंद्यात आहे. कुंपण घातलं की व्ह्यू जातो म्हणून पाहुणेच कुरकुर करतात, तरी आम्ही घातलं. बोर्डाने सुटका होते हा गैरसमज आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण ब्रिटनमध्ये तर १९७७ पासूनच कायद्याने ठरलंय की धंदेवाल्याच्या निष्काळजीपणाने कोणी दगावलं तर नुसती नोटीस लावून जबाबदारी झटकता येत नाही.
बुकिंगच्या आधी विचारा की खोलीपासून पाणी किती लांब, मध्ये फाटक आहे का, लाइफगार्ड किती ते किती असतो, आणि बुडणाऱ्याकडे फेकायची तरंगती रिंग कुठे टांगलीय. 'सगळं सेफ आहे' एवढंच उत्तर आलं तर फोटो मागवा.

निशिगंध:
मोठा ग्रुप असला की जास्त भीती वाटते, दहा मोठी माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी बघतंय. आम्ही पाळी लावतो, आता बघणारा कोण हे नाव घेऊन सांगायचं आणि दुसऱ्याने 'हो, मी बघतोय' म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि मूल दिसेना झालं तर खोल्या नंतर, आधी पाणी बघायचं.

शिट्टीवाला:
+१. अजून एक, बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायची, आणि त्याच वेळी कोणालातरी ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावायचं. हे कोर्समध्ये नीट शिकून घ्या, वाचून हाताला येत नाही.

मुक्ताई_०७:
सगळ्यांचे खूप आभार. काठाचे फोटो आहेत माझ्याकडे, ते आणि १.२ मीटरचं कुंपण, फाटक हे सगळं लिहून आज मेल करते त्यांना. उत्तर आलं की इथेच टाकते.