साधी एमएस्सी की नर्स प्रॅक्टिशनर? आयसीयूतली सिस्टर विचारतेय

कळवा_आयसीयू
नमस्कार, मी कळव्यात राहते, नवी मुंबईत एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे, बीएस्सी नर्सिंग झालंय. आता पुढे शिकायचंय. घरचे म्हणतात एमएस्सी कर, कॉलेजात शिकवशील, नाइट सुटेल. पण मला बेडसाइड सोडायचंच नाहीये हो. परवा रात्री व्हेंटिलेटरवरच्या एका आजोबांचा एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) काढला, पीसीओटू 68 म्हणजे कार्बन डायऑक्साइड खूप वाढलेला, पीएच घसरलेला, मशीनचा श्वासांचा रेट वाढवायला हवा हे समोर दिसतंय, आरएमओ (ड्यूटीवरचे डॉक्टर) कॅज्युअल्टीत अडकलेले, मी फोनवर फोन करतेय आणि तोवर सक्शन केलं, ट्यूब कुठे दुमडली नाहीये ना बघितलं आणि त्यांची वाट बघत उभी राहिले. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जास्तीचं क्लिनिकल शिक्षण घेऊन काही निर्णय स्वतः घेणारी नर्स, झाल्यावर हे बदलतं का? प्रिस्क्रिप्शन लिहिता येतं का?

नेरूळची_ट्यूटर
अगं, तुला हवा तो कोर्स म्हणजे एनपीसीसी, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. इंडियन नर्सिंग कौन्सिलनेच आखलेला, दोन वर्षांचा, पदव्युत्तर आणि रेसिडेन्सी पद्धतीचा, म्हणजे हॉस्पिटलात काम करतच शिकायचं. बीएस्सी, रजिस्ट्रेशन आणि निदान एक वर्ष क्लिनिकल अनुभव लागतो, तो आयसीयूतला असला तर उत्तमच. थिअरी फक्त 20 टक्के, बाकी 80 टक्के वेळ स्किल लॅब आणि वॉर्डात. अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिओलॉजी, फार्माकोलॉजी आणि हेल्थ असेसमेंट हे तीन विषय कस काढतात, पण खरी ताकद तिथूनच येते, आकडा बघून मागे काय चाललंय ते कळायला लागतं. साध्या एमएस्सीत एवढं बेडसाइड मिळत नाही.

प्रिस्क्रिप्शनचं म्हणशील तर डॉक्टरांसारखं स्वतंत्र नाही. स्टँडिंग ऑर्डर (डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेल्या सूचना) आणि हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलमध्ये जे लिहिलंय तेवढं करायचं. म्हणजे तुझ्या त्या रात्री प्रोटोकॉल असता तर रेट वाढवून, परत एबीजी लावून, मग डॉक्टरांना कळवता आलं असतं.

ऐरोली_ते_न्यूजर्सी
मी इथे न्यूजर्सीत एनपी, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर आहे म्हणून सांगते. अमेरिकेत हे 1965 ला सुरू झालं, कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड नावाच्या नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून. आज इथे चार रोल आहेत, नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, भूल देणारी नर्स आणि नर्स मिडवाइफ. किती स्वतंत्रपणे काम करता येतं ते प्रत्येक राज्याच्या कायद्यावर, काही ठिकाणी डॉक्टरशी करार लागतो काही ठिकाणी नाही. आणि ताई एक महत्त्वाचं, तिकडची एनपीसीसी घेऊन इथे थेट एनपी होता येत नाही, आधी एनक्लेक्स ही इथली लायसन्सची परीक्षा देऊन आरएन (रजिस्टर्ड नर्स), मग इथली मास्टर्स किंवा डीएनपी (नर्सिंगची डॉक्टरेट), मग सर्टिफिकेशन. एजंट लोक याच्यावर बरंच गोड बोलतात, पैसे देऊ नकोस.

वाशी_इंटेन्सिव्हिस्ट
आयसीयूचा डॉक्टर म्हणून लिहितो. रात्री एका आरएमओवर वॉर्ड आणि आयसीयू दोन्ही असले की अशी शिकलेली सिस्टर असणं म्हणजे पेशंटचा जीव वाचणं, हे मी अगदी मनापासून सांगतोय. पण खरं दुखणं वेगळंय, कोर्स आहे पण पोस्ट नाही. कोर्स करून आलेली मुलगी परत स्टाफ नर्सच्याच रोस्टरवर, त्याच पगारात बसते, आणि हे मला अजिबात पटत नाही. म्हणून अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी तुमच्या नर्सिंग सुपरिटेंडेंट मॅडमना आणि आयसीयूच्या हेडना भेटा, हुद्दा काय देणार, प्रोटोकॉलवर सही कोण करणार, पगार किती, लेखी मागा. तोंडी आश्वासनावर दोन वर्षं घालवू नका.

लेबररूम_ठाणे
आयसीयूचंच नक्की असेल तर राहू दे, पण मिडवायफरीतही नर्स प्रॅक्टिशनर आहे बरं का. केंद्र सरकारची 2018 ची गाइडलाइन आहे, 18 महिन्यांचं ट्रेनिंग, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएस्सी दोघींना चालतं, डिलिव्हरीचा अनुभव लागतो. नॉर्मल बाळंतपण मिडवाइफनेच सांभाळायचं आणि गुंतागुंत दिसली की डॉक्टरकडे पाठवायचं, अशी ती आखणी आहे.

कळवा_आयसीयू
सगळ्यांचे खूप आभार. एनपीसीसीच करायचं ठरवलंय. सोमवारी मॅडमना भेटते, सरांनी सांगितलं तसं हुद्दा आणि प्रोटोकॉल दोन्ही कागदावर मागते. ट्यूटर मॅडम, कॉलेजला कौन्सिलची मान्यता कुठे तपासायची?

नेरूळची_ट्यूटर
कौन्सिलच्या वेबसाइटवर मान्य संस्थांची यादी असते, त्यात एनपीसीसीसमोर कॉलेजचं नाव आहे का ते बघ. नुसतं एमएस्सीच्या यादीत नाव असून चालत नाही.