मदत हवी आहे: चेंडू फेकणाऱ्या यंत्रणेतलं घर्षण कमी कसं करावं?

रोबोटवर एकाच फिरत्या चाकाचा शूटर आहे. चाक १०० मिमी व्यासाचं, ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे). मागे ३ मिमी पॉलीकार्बोनेटचा वक्र पत्रा, फोमचा चेंडू १८ मिमी दाबला जातो. चाकाच्या कडेचा वेग साधारण १५.७ मी/से. चेंडू पत्र्यावरून न घसरता लोळला, तर त्याच्या निम्मा, म्हणजे ७.८ मिळायला हवा. मिळतो जेमतेम ५.५.

बेल्ट काढून चाक हाताने फिरवलं तर बाजूच्या प्लेटचे बोल्ट सैल असताना १४ सेकंद फिरतं, घट्ट केले की ४ सेकंदांत थांबतं. स्पेसर (दोन प्लेटमधलं अंतर राखणारे तुकडे) आखूड असल्याने प्लेट बेअरिंगला आडव्या दाबतात, हे उघड आहे. एका बाजूला ०.५ मिमीचं शिम (पातळ चकती) घालून शाफ्टला थोडी मोकळीक ठेवली तर पुरे, की दोन्ही प्लेटमधली भोकं एका रेषेत आहेत का तेही तपासावं?

दुसरा प्रश्न पत्र्याचा. टेफ्लॉन टेप लावली तर चेंडू लोळण्याऐवजी घसरेल, उलटी फिरकी कमी होईल, नेम बिघडेल अशी भीती वाटते. म्हणून टेप फक्त चेंडू आत येतो त्या नळीत लावावी का? सिलिकॉन स्प्रे कृपया सुचवू नका. तो चेंडूवरून चाकावर जातो आणि पकडच सुटते.