शनिवारची शिक्षकबैठक नुसती सूचनांची झाली आहे, तुम्ही काय करता?

पाटीपेन्सिल
मी एका लहान विनाअनुदानित मराठी शाळेत तिसरीची ताई आहे. अकरा वर्षं झाली. सुरुवातीला आम्ही सहाजणी होतो. शनिवारी साडेदहाला मुलं सुटली की डबे उघडून गोल करून बसायचो. प्रत्येकीने आठवडाभरातल्या एका मुलाची नोंद वाचायची, एवढाच नियम. आता आम्ही एकोणीस जण आहोत आणि सहलीचे पैसे, गॅदरिंग, सरकारला भरून द्यायची यू-डायसची शाळेची माहिती यातच दोन तास संपतात.

हे मला का लागतं ते सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वही उघडायचाच नाही. वाचायला सांगितलं की मान खाली. एका शनिवारी मी त्याच्याबद्दल वाचलं, तर कार्यानुभवाच्या ताई म्हणाल्या, "अगं, माझ्या तासाला तो सगळ्यांना गाठी शिकवतो!" वडील मांडव घालतात, हे मला ठाऊकच नव्हतं. सोमवारी मी त्याला सुंभ दिलं आणि म्हटलं, तू सांग, मी लिहिते. "आधी बांबूला दोन वेढे द्यायचे. मग टोक खालून काढायचं. आणि पाय लावून वडायचं." मी 'वडायचं' असंच लिहिलं. मग त्याने प्रत्येक शब्दावर बोट ठेवत ते सगळं वाचलं. माझ्यासमोर त्याने वाचलेला तो पहिला मजकूर.

ती बैठक झाली नसती तर मी अजून बाराखडीच गिरवून घेत बसले असते. एकोणीस जणांत हे कसं टिकवायचं?

डहाणूकर_गुरुजी
ताई, एकोणीस जणांचा गोल करूच नका. पाच-पाच जणांचे गट करा, पण इयत्तावार नको. बालवाडी, चौथी, सातवी, चित्रकला असे मिसळून बसा. तुमच्या मुलाची गोष्ट उलगडली ती दुसऱ्या तासाच्या ताई शेजारी होत्या म्हणून.

मी निवृत्त झालो, पण आमच्या भागातलं एक उदाहरण कायम डोक्यात असतं. १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू करून पुढे कोसबाडला गेलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत हे आधी पाहिलं. मुलं गुरं राखायला जात होती. मग शाळाच कुरणात गेली, तीच कुरणशाळा. मूल कुठे आहे हे कुणीतरी पाहिलं, म्हणून ती सुचली.

घंटा_दहाची
मी मुख्याध्यापिका आहे, म्हणून व्यवहाराचं सांगते. सगळ्या सूचना शुक्रवारी एका कागदावर लिहून शिक्षकखोलीत लावा, वाचून सही करायची. बैठकीचा पहिला तास फक्त नोंदींचा. उलटं केलंत तर नोंदी कधीच होणार नाहीत, आम्ही दोन वर्षं तेच करून पाहिलं. आमच्या विश्वस्तांना हा वेळ फुकट वाटायचा. त्यांना मी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट दाखवलं. शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास त्यात पूर्वतयारीसह धरले आहेत. मुलांबद्दल बोलणं ही पूर्वतयारीच आहे.

नवी_ताई
माझा अनुभव वेगळा आहे. आधीच्या शाळेत मी अशीच नोंद वाचली आणि वरिष्ठांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक तुमची आहे. त्यानंतर मी फक्त छान छान नोंदी लिहिल्या. वर्षभर एकाही अडलेल्या मुलाबद्दल बोलले नाही, आणि त्या मुलांचं त्यात नुकसान झालं याचं अजून वाईट वाटतं. आताच्या शाळेत नियम आहे: वाचून झालं की पहिली दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे. डबा कुणाबरोबर खातो? घरी कोणती भाषा बोलतात? सल्ला त्यानंतर, आणि तोही वाचणारीने मागितला तरच. ताई, गट लहान करा, पण हे आधी ठरवा.

पाटीपेन्सिल
नवी ताई, तुमचं वाचून थांबले. आमच्याकडे गेल्या वर्षी आलेल्या दोघी बैठकीत बोलतच नाहीत. मी वेळेलाच दोष देत होते. येत्या शनिवारी आमच्या पाचजणींचा गट बसवते, त्या दोघींना धरून. पहिली नोंद मीच वाचेन, गेले तीन आठवडे माझ्याशी न बोललेल्या मुलीची.