कॅमेरा बसवून झाल्यावर : सोलापुरातल्या कॅमेरा-अलार्मवाल्यांचे अनुभव

नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत सोलापूरची माणसं चालत तुळजापूरला जातात, घरांना कुलपं लागतात आणि आमचे फोन वाजायला लागतात. 'आजच्या आज कॅमेरे बसवून द्या.' बसवणं एका दिवसाचं काम आहे. पुढची पाच-सात वर्षं ते कोण सांभाळतं, हे कुणी विचारत नाही. या कामातल्या सगळ्यांनी इथं लिहावं. ग्राहकाचं नाव-पत्ता नको, दुकानाची जाहिरात नको. सुरुवात माझ्यापासून.

विजापूर रोडच्या एका घरात कोजागिरीच्या रात्री चोरी झाली. घरचे सगळे तुळजापूरच्या वाटेवर. कॅमेऱ्यात माणूस आलेला, चेहराही बऱ्यापैकी स्पष्ट. पण पडद्यावर तारीख होती जानेवारी २०००. डीव्हीआरमधला, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीतला, घड्याळाचा सेल संपला होता, त्यामुळं लाइट जाऊन आली की तारीख मागं जायची. घरात इंटरनेट असतं तर वेळ आपोआप जुळली असती, पण तेही नव्हतं. हवालदारसाहेबांनी विचारलं, "हे त्याच रात्रीचं कशावरून?" मी गप्प उभा राहिलो. यंत्रणा मीच बसवली होती आणि वर्षभर तिकडं फिरकलो नव्हतो.

तेव्हापासून प्रत्येक सर्व्हिसला पहिल्यांदा घड्याळ बघतो. फुटेज काढताना डीव्हीआरची वेळ आणि मोबाईलची वेळ एकाच फोटोत घेतो, फरक वहीत लिहितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. म्हणून मूळ फाइल आहे तशीच पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि हॅश बदलते.

जुळे सोलापूर, अलार्मचं काम

आपल्या मे महिन्यात सेन्सर आंधळा होतो, हे मला शिकताना कुणी सांगितलं नाही. पीआयआर, म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या सेन्सरला माणूस दिसत नसतो. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता, यांतला फरक त्याला कळतो. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या थंडीत बसवलेला सेन्सर मांजर गेलं तरी वाजायचा, म्हणून मी त्याची संवेदनशीलता कमी करून ठेवली. मे महिन्यात बाहेर ४३ अंश, वर पत्रा, खोली दिवसभर बंद. भिंतच अंगाइतकी तापलेली. मालक सेन्सरसमोरून तीनदा गेले, सायरन गप्प. त्या दिवशी मला खरंच घाम फुटला, कारण त्या घरातली म्हातारी माणसं या सायरनच्या भरवशावर झोपत होती.

आता नुसत्या पीआयआरवर घर सोडत नाही. दारं-खिडक्यांना मॅग्नेट, म्हणजे उघडलं की वाजणारा सेन्सर, लावतोच. पत्र्याच्या खोलीत हालचाल लहरींनी ओळखणारा मायक्रोवेव्ह जोडीला असलेला सेन्सर घ्या म्हणून सांगतो, थोडा महाग पडला तरी. आणि सेन्सर अशा कोपऱ्यात लावतो की आत येणारा त्याच्यासमोरून आडवा जाईल. सरळ त्याच्या दिशेनं चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो.

शेळगी

नवीन पोरांना एकच सांगतो. ज्या दिवशी त्या गल्लीत नळाला पाणी येणार, त्या दिवशीचा कॉल घेऊ नका. काही दिवसांआड पाणी येतं, घरातली सगळी माणसं भरायच्या मागं असतात. मेन स्विच बंद करू का, असं तुम्ही विचारताय आणि त्यांची मोटर चालू आहे.

विडी घरकुल

मुलगा पुण्यात नोकरीला. आई एकटी, घरात बसून विड्या वळणारी. मुलानं फोनवर सांगितलं, पडवीत कॅमेरा लावा, आई दिवसभर दिसली पाहिजे. मी शिडी लावली. खाली सूप मांडीवर घेऊन शेजारच्या चार-पाच बायका बसल्या होत्या. त्या आईंनी, म्हणजे अव्वांनी, वर बघितलं. "काय करूलालास बे वर?" सांगितलं. त्यांचे हात थांबले. तेलुगूत आपसात काहीतरी बोलून बाकीच्या बायका सूप उचलून उठायला लागल्या.

अव्वा म्हणाल्या, "दार बघू दे की त्याला. आम्हाला कशाला बघायचं?"

मी तिथूनच मुलाला फोन लावून अव्वांच्या हातात दिला. दहा मिनिटं मायलेकांचं बोलणं झालं. कॅमेरा फाटकाकडं वळवला, पडवीचा जो कोपरा तरी येत होता त्यावर प्रायव्हसी मास्क टाकला आणि तो काळा चौकोन अव्वांना मोबाईलवर दाखवला. बायका परत बसल्या. बारा वर्षांत मनापासून केलेलं काम विचारलं तर मी हेच सांगीन.

अशोक चौक परिसर

आमच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर घर, असं अजून पुष्कळ आहे. मागाची रुई डीव्हीआरच्या जाळीत बसते, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि हार्ड डिस्क जाते. डीव्हीआर वरच्या मजल्यावर ठेवा. दर दोन महिन्यांनी ब्रश मारा, ब्लोअर बाहेरच्या बाजूनं. कॅमेऱ्याच्या काचेवरची कोळिष्टकंही त्याच फेरीत काढा, रात्री आयआरच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याला न दिसणाऱ्या दिव्यांच्या उजेडात पांढरी जाळी सोडून दुसरं काही दिसत नाही.

होटगी रोड

मी आणि माझे मिस्टर मिळून हे काम करतो. ड्रिल मीही मारते, पासवर्ड-सेटिंग तर माझ्याकडंच असतं. दुपारी घरात बाई एकटी असली की पूर्वी "मालक आल्यावर या" ऐकायला लागायचं. आता काकू स्वतः कपाट कुठं आहे, मागचं दार कुठलं नीट लागत नाही, ते दाखवतात. हे काकू पुरुषाला सांगत नाहीत. आपल्या कामात बायका याव्यात, खूप गरज आहे.

नाव-ठिकाण लिहीत नाही

एका दुकानात चार वर्षं होतो. बसवलेल्या सगळ्या घरांना एकच पासवर्ड, आणि सर्व्हिसला सोपं जावं म्हणून ती सगळी घरं आम्हा पोरांच्या मोबाईलमधल्या कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये. माझ्याकडं शंभरावर होती. कधी चुकीचं वागलो नाही, पण ती घरं माझ्या खिशात होती. बहिणीच्या सासरी दुसऱ्या कुणी कॅमेरे बसवले, हॉलमध्येसुद्धा, तेव्हा ते खरं टोचलं. तिचंही घर कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असणार.

नोकरी सोडल्यावर रविवारी-रविवारी जुन्या ग्राहकांकडं जायला लागलो. पैसे घेत नाही. पासवर्ड घरच्यांनाच टाकायला लावतो, मी पाठ करून उभा राहतो, मग त्यांच्यासमोर माझ्या मोबाईलमधून ते घर काढून टाकतो. चाळीसेक झाली. काहींचे नंबर बदललेत, काही घरं विकली गेलीत. येत्या रविवारी साखर पेठेत दोन आहेत.