फायनान्समधून थेट सरकारातल्या मोठ्या पदावर, आपल्यासारख्याला जमते का?

वर्धारोड_सीए:
नमस्कार मंडळी, मी सीए, वय ३८, १४ वर्षं झाली एका खाजगी कंपनीत ट्रेझरी, म्हणजे कंपनीच्या पैशांचं नियोजन, सांभाळतो, नागपुरातच. सध्या हेन्री पॉलसनबद्दल वाचतोय, गोल्डमन सॅक्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेचा सीईओ होता, २००६ मध्ये ते सोडून अमेरिकेचा अर्थमंत्री झाला आणि दोन वर्षांत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली, सगळं निस्तरायचं याच्याच गळ्यात आलं. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. आपल्याकडे असा रस्ता आहे का? आणि बाहेरून आलेल्याला आतले लोक काम करू देतात का?

तर्रीपोहा:
रस्ता आहे ना भाऊ, लॅटरल एन्ट्री, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञाला थेट वरच्या सरकारी पदावर घेणं. २०१८ ला जॉइंट सेक्रेटरीच्या १० जागा काढल्या होत्या, ६ हजारांवर अर्ज आले. त्याला १५ वर्षं अनुभव आणि वय किमान ४० लागत होतं, म्हणजे तुझं काही गेलेलं नाही. करार ३ वर्षांचा, फार तर ५. पण ऑगस्ट २०२४ ला ४५ जागांची जाहिरात आली आणि आरक्षण नाही म्हणून तीन दिवसांत मागे घेतली. तो मुद्दा खराच आहे, तो सोडवल्याशिवाय हे नीट चालणार नाही. आणि पगाराचं बघून घे, जॉइंट सेक्रेटरीचं बेसिक १,४४,२०० पासून सुरू होते, तुले आत्ता किती भेटते ते तूच जाण.

निवृत्त_लेखाधिकारी:
बेटा, ३२ वर्षं सरकारी हिशेबात काढली म्हणून सांगतो. आमच्याकडे एकदा बँकेतून एक तज्ज्ञ आले होते, अतिशय हुशार माणूस, पण प्रस्ताव पाठवायचे पीपीटीवर. फाईल तीनदा परत आली, शेरा एकच, "तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली?", म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यातून पैसा जाणार? शेवटी ते संध्याकाळी माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले, जुन्या फाईली काढल्या, पताका, म्हणजे संदर्भाची खूणचिठ्ठी, कुठे लावायची, आधीचा निर्णय कसा जोडायचा, टिप्पणीत, म्हणजे फाईलवरच्या लेखी प्रस्तावात, नियम कुठे येतो, सगळं विचारलं. चौथ्यांदा टिप्पणी स्वतःच्या हातानं लिहिली आणि आठ दिवसांत मंजुरी आली. आतले लोक काम करू देतात रे, पण त्यांची भाषा यावी लागते. सी. डी. देशमुख १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० ला अर्थमंत्री, पण त्याआधी ते आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातले सनदी अधिकारी, होते, इथल्या सरकारचे वित्त सचिव होते. फायली त्यांनी इथंच घासल्या.

सेमिनरी_हिल्स:
काकांचं शंभर टक्के बरोबर, पण शेअर्सचं कोणी बोललंच नाही. पॉलसनला पदावर येताना गोल्डमनचे जवळपास ५० कोटी डॉलरचे शेअर विकावे लागले, तिथल्या कायद्यानं त्यावरचा कर पुढे ढकलायची सोय होती म्हणून निभावलं. तरीही २००८ मध्ये एआयजी या बुडत्या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचा सरकारी आधार मिळाला, आणि तिच्याकडे गोल्डमनचंही येणं होतं, तेव्हा लोकांनी विचारलंच, यात गोल्डमनचा फायदा किती? विचारायलाच पाहिजे, पैसा जनतेचा आहे. तू जाशील तेव्हा तुझं डिमॅट, वहिनींचं डिमॅट, जुन्या कंपनीचे ईसॉप (नोकरदारांना मिळणारे शेअर घ्यायचे हक्क), सगळं आधीच मोकळं करून ठेव. मी तर म्हणेन आजपासूनच यादी कर.

वर्धारोड_सीए:
सगळ्यांचे मनापासून आभार. यादी काल रात्रीच केली, ईसॉप आहेत माझ्याकडे, बायकोशी बोलतोय. काका, लेखाशीर्ष हा शब्द मला खरंच माहीत नव्हता. तुम्ही धरमपेठेकडे राहत असाल तर रविवारी सकाळी येऊ का, एखादी टिप्पणी लिहून दाखवाल का मले?