कंपनीच्या टूरमधले पिणारे डीलर अन् विमान, सांभाळायचं कसं?

कपाशीवाला_अमळनेर

राम राम मंडळी. आपलं कृषी केंद्र आहे, यंदा बियाण्याच्या कंपनीची टूर लागली, बँकॉक, आपल्या अन् बाजूच्या तालुक्यातले मिळून चाळीसेक डीलर. कंपनीचा साहेब म्हणे तुम्ही घेत नाही म्हणून ग्रुपकडे तुम्हीच बघा. नाहीच म्हणणार होतो पण क्रेडिट नोट (कंपनीकडून आपल्याला येणं असलेल्या पैशांचा कागद) त्यांच्याकडे अडकलेली, म्हणून हो बोललो.

अडचण अशी की आमच्यातले सहा-सात जण लक्झरी धुळ्याच्या पुढे निघाली की चालू होतात. मालेगाव यायच्या आत पहिली बाटली, नाशिकच्या ढाब्यावर जेवणासोबत दुसरी, कसाऱ्याच्या घाटात गाणी, अन् मुंबईला एअरपोर्टवर उतरेपर्यंत डोळे लाल. त्यावर मग विमानात अजून घेतात. मागच्या टूरला येताना आमचे एक नाना (नाव लिहीत नाही, साठीच्या पुढचे, मार्केटमध्ये शब्दाला मान) बेल दाबून दाबून त्या एअर होस्टेस पोरीला हैराण करून राहिले होते, तिने शेवटी अजून देणार नाही म्हटलं तर सरळ तिचा हात धरला, म्हणे बेटा पैसे मोजून राहिलो ना. मागच्या सीटवरचे आपलेच लोक हसून राहिले. मग त्यांची सीनियर बाई आली, तिने एक शब्द न वाढवता इंग्रजीत छापलेला कागद नानांच्या हातात दिला. नानांनी वाचला नाही, चार घड्या केल्या अन् शर्टाच्या खिशात तंबाखूच्या डबीमागे सारला. पुढं काही झालं नाही.

आता विचारायचं हे की तो कागद कसला होता? एखाद्याला उतरवलं तर बाकीचा ग्रुप पण अडकतो का? अन् मी आधीच जाऊन क्रूला सांगू शकतो का की ह्या-ह्या माणसाला देऊ नका? नाना यंदा पण आहेत.

शिरपूरचा_पाव्हणा

नानाले कोन सांगी भो 😄 तुम्ही राहू द्या, क्रेडिट नोट घ्या अन् तब्येत बिघडली म्हणून सांगा.

बाकी खरं सांगू का, मला विमानवाल्यांचंच पटत नाही. ट्रॉली घेऊन दारू तेच विकतात, छोट्या बाटलीचे डबल पैसे घेतात, अन् माणसाला चढली की मग नियम दाखवतात. वर्षभर दुकानात बसून उधारीवाल्यांशी डोकं फोडतो माणूस, चार दिवस मोकळा झाला तर एवढं काय. हात धरला ते चुकलंच पण म्हातारा माणूस आहे, बेटा म्हणाला.

माजी_क्रू_जळगाव

शिरपूरवाले दादा, ‘बेटा म्हणाला’ हे वाक्य मी नोकरीत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की काय सांगू. लग्नाआधी मी इंटरनॅशनलला होते, आता जळगावातच असते. बेटा म्हणतात अन् मनगट सोडत नाहीत. त्या पोरीच्या जागी स्वतःची पोरगी धरा, इतकंच बोलते अन् पुढे जाते.

विकतात अन् मग नाही म्हणतात, हे तुमचं अर्धं बरोबर आहे. देशातल्या देशात उडणाऱ्या विमानात आपल्याकडे दारू देतच नाहीत, तरी तिथेही पिऊन तर्र झालेले भेटतात, म्हणजे ते खालूनच भरून आलेले असतात. कपाशीवाल्या दादांचा प्रॉब्लेम तोच आहे. आम्हाला ट्रॉलीवरून किती दिली ते माहीत असतं, लक्झरीत अन् ढाब्यावर किती झाली ते माहीत नसतं. त्यात विमानाच्या आतलं हवेचं प्रेशर जमिनीसारखं नसतं, सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखं असतं, ऑक्सिजन कमी, हवा एकदम कोरडी, रात्रभर झोप नाही. घरी तेवढीच घेऊन शांत झोपणारा माणूस तिथे वेगळाच वागतो. अन् कोणी झोपेची गोळी वरून घेतली असली तर बघायलाच नको.

तो कागद म्हणजे लेखी वॉर्निंग. आधी तोंडी समज देतात, मग कागद, त्यानंतरही ऐकलं नाही तर कॅप्टनच्या हुकुमाने बांधतात. हो, बांधतात, त्यासाठी प्लास्टिकच्या पट्ट्यांचं किट विमानात असतं, दोन-तीन धडधाकट प्रवाशांची मदत घेऊन सीटला बांधून ठेवतात अन् उतरल्यावर पोलिसांच्या ताब्यात देतात. बांधायची वेळ येऊ नये म्हणूनच आमचं सगळं ट्रेनिंग. अशा माणसाशी त्याच्या दोस्तांसमोर वाद घालायचा नसतो, दोस्त हसले की तो अजून फुगतो. बाजूला गॅलीत, म्हणजे जेवणाच्या ट्रॉल्या ठेवतात त्या कोपऱ्यात, बोलवायचं, नाही आला तर खाली बसून त्याच्या डोळ्याच्या लेव्हलला बोलायचं, पाणी अन् काहीतरी खायला द्यायचं, एका क्रूशी बिनसलं की दुसऱ्याने जायचं, शक्यतो पुरुष क्रूने. अन् सगळ्या क्रूला सांगून ठेवायचं की अमुक सीटला आता बंद, नाहीतर तो मागच्या गॅलीत जाऊन दुसरीकडे मागतो.

दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, बिनधास्त सांगा. चढतानाच दारात उभी असते तिला हळूच सीट नंबर सांगायचा. आम्हाला असं सांगणारा माणूस देवासारखा वाटायचा. नानांना कळतही नाही कोणी सांगितलं.

दादावकील_धुळे

नियमाचं थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं जास्तीत जास्त काय, उतरवतील.

डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, 8 सप्टेंबर 2017 ला बेशिस्त प्रवाशांसाठी नियम काढले, त्यात तीन पायऱ्या आहेत. शिवीगाळ, हातवारे, पिऊन गोंधळ ही पहिली, तिला 3 महिन्यांपर्यंत विमानबंदी. धक्काबुक्की, लाथ मारणे, अंगाला नको तसा हात लावणे ही दुसरी, 6 महिन्यांपर्यंत. जीवाला धोका होईल असं काही, म्हणजे गळा दाबणं, विमानाच्या यंत्रणेची मोडतोड, कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न, ही तिसरी, कमीत कमी 2 वर्षं, वरची मर्यादाच नाही. पुन्हा केलं तर आधीच्या बंदीच्या दुप्पट. ठरवणारी कमिटी एअरलाइनची असते पण अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतो, तिला 30 दिवसांत निकाल द्यावा लागतो. एका एअरलाइनने बंदी घातली म्हणजे बाकीच्यांना ती पाळणं बंधनकारक नाही, पण नाव डीजीसीएच्या यादीत जातं. तर नानांनी जे केलं ते पहिल्या पायरीत बसवायचं की दुसऱ्या, हे त्या पोरीने काय लिहून दिलं असतं त्यावर होतं. नाना कागदावर सुटले हे नशीब समजा.

अन् ही झाली एअरलाइनची बंदी, फौजदारी वेगळी. बाईच्या अंगावर वाईट हेतूने हात टाकला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 74 लागतं, 1 ते 5 वर्षं. विमान हवेत होतं, खाली दुसरा देश होता, असल्या पळवाटा चालत नाहीत, 1963 चा टोकियो करार त्याचसाठी आहे अन् आपल्याकडे त्याचा 1975 चा कायदा आहे. विमान ज्या देशात रजिस्टर त्या देशाचा कायदा लागतो, अन् कॅप्टन त्या माणसाला मधेच कुठेही उतरवून तिथल्या पोलिसांकडे देऊ शकतो. बँकॉकला पोलीस स्टेशनात नानांसाठी दुभाषा शोधत बसायची तयारी ठेवा.

क्रूनेही कळवायचं टाळलं तर त्यांच्यावर शेकतं हेही लोकांना माहीत नसतं. नोव्हेंबर 2022 मध्ये एअर इंडियाच्या न्यूयॉर्क-दिल्ली विमानात एका प्यायलेल्याने वयस्कर बाईवर लघवी केली होती, आठवत असेल. त्या माणसाला कंपनीने 4 महिने बंदी घातली, पण डीजीसीएने एअर इंडियालाच 30 लाखांचा दंड केला अन् पायलटचं लायसन्स 3 महिने सस्पेंड केलं. त्यामुळे आता ‘जाऊ द्या ना मॅडम’ म्हणून मिटवायचे दिवस गेले.

अजून एक, तुमच्या ग्रुपात नंदुरबार-नवापूरकडचे असतील अन् ते सुरतवरून उडायचं म्हणत असतील तर डबल सांभाळा. गुजरातेत परमिटशिवाय पिऊन सापडणं हाच गुन्हा आहे, विमानात बसायच्या आधीच.

शिरपूरचा_पाव्हणा

सुरत-बँकॉकच्या विमानात दारू संपली म्हणून 2024 च्या डिसेंबरात व्हॉट्सॲपवर फिरत होतं ते आठवलं 😂 खरं-खोटं माहीत नाही.

ताई, पोरीवरून बोललात ते बरोबर आहे, ते वाक्य मागे घेतो. विकायचं मात्र बंदच करा म्हणा त्यांना.

गेटवरचा_चोपडेकर

मी मुंबईला ग्राउंड स्टाफमध्ये आहे. ग्रुप अडकतो का हा प्रश्न राहिला म्हणून लिहितो.

सगळा ग्रुप अडकत नाही. पण गेटवर आम्हाला माणूस झुलताना दिसला, तोंडाला वास आहे, बोलणं जड आहे, तर आम्ही सुपरवायझरला अन् कॅप्टनला कळवतो अन् त्याला ऑफलोड करतात. शेवटचा शब्द कॅप्टनचा. तिकिटाचे पैसे विसरा. आता यात लोकांना न कळणारा भाग असा की माणूस उतरला की त्याची चेक-इन केलेली बॅगही उतरवावी लागते, मालक नसलेली बॅग घेऊन विमान जात नाही. ती बॅग पोटातल्या शेकडो बॅगांमधून शोधायची, तेवढ्यात विमानाची वेळ हुकते, मग पुन्हा रांगेत नंबर. सगळं विमान त्या एका माणसाकडे बघून राहतं, अन् त्याच्यासोबतचे बाकीचे खिडकीबाहेर बघतात, जसं काही ओळखतच नाही.

काउंटरवर येताना तोंड उघडून भांडू नका, हीच एक विनंती. पिलेला असूनही गप्प राहिला म्हणून सुटलेले खूप पाहिलेत, ते बरोबर आहे असं नाही, पण लाइनीत दीडशे माणसं असताना आम्ही प्रत्येकाचं तोंड हुंगत नाही. त्यामुळे ग्रुप लीडरने बस थांबली की आधी उतरून बघावं कोण सरळ चालून राहिलं. ड्यूटी फ्रीची बाटली सीलबंद पिशवीत असते, ती विमानात फोडून प्यायची नाही, आपल्या खिशातलीही प्यायची नाही. क्रू देईल तेवढीच. ही गोष्ट आपल्या लोकांना सांगितली तरी अर्धी भांडणं कमी होतील, कारण ‘माझी बाटली, मी फोडीन’ इथूनच सुरू होतं.

भुसावळ_जंक्शन

आमच्याकडे रेल्वेत कलम 145 आहे, पिऊन गोंधळ घातला तर गाडीतून उतरवतात, तिकीट जप्त, 6 महिन्यांपर्यंत कैद अन् 500 रुपयांपर्यंत दंड. 139 ला फोन केला की पुढच्या स्टेशनला आरपीएफ येऊन उभी. विमानात पुढचं स्टेशनच नाही हा सगळा फरक. म्हणून जे काय करायचं ते गेटच्या अलीकडे करा, वर गेल्यावर नाही.

अन् भाऊ, मोबाईल काढून शूटिंग करणारे आवरा. टीसीच्या नोकरीत पाहिलंय, कॅमेरा दिसला की पिणारा हिरो होतो.

कपाशीवाला_अमळनेर

सगळ्यांचे आभार. ताई अन् वकीलसाहेब, तुमचे दोन्ही मेसेज ग्रुपवर टाकले, नावं काढून. दोघा-तिघांनी अंगठा दिला, नानांनी वाचून काही लिहिलं नाही.

ठरवलं ते असं. लक्झरी ढाब्यावर थांबेल पण जेवून लगेच निघायचं, बाटल्या डिकीत, डिकीची चावी ड्रायव्हरकडे अन् ड्रायव्हरला कंपनीच्या साहेबाचा फोन. गेला साहेबावर राग तर गेला. सहा-सात जणांच्या सीट एकत्र नको, वेगवेगळ्या रांगेत टाकायला सांगितलंय, चेक-इनला बघू देतात का. बँकॉकला हॉटेलवर पोचल्यावर ज्याला जे करायचं ते करो, मी तिथं कोणाचा बाप नाही.

प्रश्न फक्त नानांचा. त्यांच्या बाजूला मीच बसू का? मला खिडकी आवडते पण.

माजी_क्रू_जळगाव

खिडकी नानांना द्या, तुम्ही मधे बसा. आतल्या सीटवरचा माणूस गल्लीत यायला दोन जणांना उठवतो, त्यामुळे मागच्या गॅलीत जाऊन मागायचा कंटाळा करतो. अन् इमर्जन्सी दाराच्या रांगेत अजिबात बसवू नका, पाय पसरायला जागा असते म्हणून हे लोक तीच मागतात, पण तिथे बसणाऱ्याने वेळ पडली तर दार उघडून द्यायचं असतं. जेवणाची ट्रॉली आली की नानांना आधी पोटभर जेवू घाला. शेव, पापड, कळण्याची भाकरी, जे घरून आणलं असेल ते काढा. आपली माणसं जेवली की झोपतात.